सेवेची शाळा

संकट कोणास विचारून येत नाही. आषाढातील एखाद्या रात्री नाल्याला लोंढा येतो आणि पहाटे गावातील दहा घरांत कमरेइतके पाणी उभे राहते. डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर तान्हे मूल जुलाबाने मलूल होते आणि दवाखान्याची वाट चिखलाने अडलेली असते. अशा वेळी माणसांचे दोन वर्ग दिसून येतात. काही जण काठावर उभे राहून हळहळतात; काही जण धोतराचा काचा मारून पुढे होतात. या दुसऱ्या वर्गातील मनुष्यास आपण स्वयंसेवक म्हणतो. स्वतःच्या इच्छेने सेवा करणारा तो स्वयंसेवक. त्यास कोणी हुकूम केलेला नसतो आणि कामाबद्दल त्यास वेतनही मिळावयाचे नसते.

परंतु केवळ इच्छा असली म्हणजे सेवा घडते काय? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासच्या गावांना भूकंपाने उद्ध्वस्त केले. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक मदतीस धावले. एवढ्या मोठ्या संकटात मदतीला येणाऱ्यांची अंतःकरणे चांगली असतात; पण ज्यास दोर बांधता येत नाही, जखम बांधता येत नाही, सांगितलेल्या जागी उभे राहता येत नाही, असा मनुष्य मदतीस आला म्हणजे त्याच्याच जेवणाखाण्याची व निवाऱ्याची चिंता दुसऱ्यास करावी लागते. त्याच्या गर्दीने रुग्णवाहिकेची वाट अडते. म्हणून सेवा ही भावना आहे, तशीच ती विद्याही आहे. आणि कोणतीही विद्या शिकल्यावाचून येत नाही.

ही विद्या शिकविणारी एक मोठी परंपरा वऱ्हाडात नांदत आली आहे. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या काळ्या मातीत कापूस पिकतो हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे सेवकही पिकतात, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. त्या परंपरेचा परिचय करून घेतला म्हणजे स्वयंसेवक कसा घडतो आणि स्वयंसेवकातून पुढारी कसा तयार होतो, हे चांगले उमगते.

या परंपरेच्या आरंभी एक खराटा आहे. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे ते मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे मामाच्या घरी वाढले. गुरे राखणे, नांगर धरणे, पेरणी करणे ही त्यांची शाळा. पुढे त्यांनी घरदार सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि मातीचे गाडगे, असा त्यांचा वेष. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच ते कोणास उपदेश करीत नसत. खराटा घेऊन ते गल्लीबोळ झाडू लागत. नवखा मनुष्य आपला उकिरडा झाडतो आहे असे पाहून गावकऱ्यांस संकोच वाटे आणि एकेक जण घरातून झाडणी घेऊन बाहेर येई. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ होई आणि मग रात्री कीर्तन रंगे. आधी हात, मग शब्द, हा त्यांचा क्रम होता.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे जत्रा भरते. वऱ्हाडातील काळी माती ओली झाली म्हणजे पाय ठरत नाही. डोक्यावर गाठोडे व कडेवर मूल घेऊन नदीत उतरणाऱ्या बायाबापड्यांचे किती हाल होत असतील, याची कल्पना करावी. यात्रेकरूंचे हे कष्ट पाहून बाबा तेथे राबले आणि पुढे लोकांच्या मदतीने त्यांनी तेथे घाट उभारला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा अनेक ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. परंतु त्यांवर त्यांनी स्वतःचा अगर कुटुंबीयांचा हक्क ठेवला नाही. कारभार विश्वस्तांच्या हाती सोपवून ते पुढच्या गावाची वाट धरीत. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा देह विसावला. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरीही आज अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. ज्याने काम उभारले आणि त्यावरील मालकी सोडली, त्याचे नाव टिकले.

गाडगेबाबांचा खराटा एकट्याच्या हातात होता. तोच खराटा गावोगावच्या तरुणांच्या हाती संघटितपणे देण्याचे कार्य राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी केले. त्यांचा जन्म 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. 1935 साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या. पहाटे ग्रामसफाई, सायंकाळी रांगेत बसून सामुदायिक प्रार्थना आणि गरज पडेल तेव्हा श्रमदान, असा या मंडळांचा शिरस्ता. खेड्याची सुधारणा खेड्यातील माणसांनीच करावी, हा विचार त्यांनी 1955 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीता’ या ग्रंथात विस्ताराने मांडला. 11 ऑक्टोबर 1968 रोजी महाराजांचे निर्वाण झाले. त्यांच्या पुण्यतिथीस गुरुकुंजात फार मोठा जनसमुदाय जमतो आणि ठरलेल्या क्षणी सारा समुदाय मौन पाळतो. एवढ्या गर्दीस धाकाने शांत करता येत नाही. ज्या गावांतून ती माणसे आलेली असतात, त्या गावांत रोजच्या प्रार्थनेच्या रांगेत जी शिस्त मुरलेली असते, तीच त्या क्षणी प्रकट होते.

शिस्त केवळ मनाची असून भागत नाही. ती शरीराचीही असावी लागते. ज्याचे अंग थकले त्याचे मनही लवकर थकते. 1914 साली अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. आखाडा, मल्लखांब, लाठी, कवायत यांचे शिक्षण तेथे तरुणांना मिळू लागले. 1936 साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा मंडळाच्या चमूने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. व्यायामाचा आणि सेवेचा संबंध काय, असे कोणी विचारील. पुरात दोर धरून तासभर उभे राहावे लागते, आजाऱ्यास खांद्यावर घेऊन डोंगर उतरावा लागतो. त्या वेळी आखाड्यात गाळलेला घाम उपयोगी पडतो. शिवाय मल्लखांबावर चढणाऱ्यास खाली उभ्या असलेल्या सोबत्यावर विश्वास ठेवावा लागतो आणि खालच्यास आपले लक्ष ढळू न देता उभे राहावे लागते. एकमेकांवरचा हा विश्वास हेच कोणत्याही पथकाचे बळ होय.

पुढे याच अमरावतीत सेवेचा आणखी एक अवघड धडा गिरविला गेला. कुष्ठरोग हा जंतूंमुळे होणारा रोग आहे. 1873 साली नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सेन यांनी त्याचा जंतू शोधून काढला. हा रोग सहजासहजी पसरत नाही आणि 1982 पासून वापरात आलेल्या संयुक्त औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. परंतु पूर्वी लोक त्यास पापाचे फळ समजत. रोग्यास घरातून काढून देत आणि तो देवळाच्या पायरीशी भीक मागत बसे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली अमरावतीच्या सीमेवर अशा रोग्यांसाठी तपोवन वसविले. तेथे औषध मिळे. पण त्याहूनही मोलाची गोष्ट मिळे, ती म्हणजे काम. ज्या हातांनी भीक मागितली ते हात शेती करू लागले, विणू लागले, रंधा चालवू लागले. दात्याने अन्न घातले तर रोग्याची एका दिवसाची भूक भागते. काम दिले तर त्याची गेलेली प्रतिष्ठा परत येते, हे डॉक्टरसाहेबांनी ओळखले होते. 1959 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

याच जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलामुलींसाठी आश्रम चालविला आहे. त्या आश्रमास वर उल्लेखिलेल्या अंबादासपंत वैद्यांचेच नाव आहे. ज्या मुलांना आईबापांचे नाव नव्हते त्यांना शंकरबाबांनी आपले नाव दिले. तेथील मोठी मुले लहानांचे संगोपन करतात आणि आश्रमाच्या माळरानावर झाडे वाढवितात. ज्यांना जगाने निरुपयोगी ठरविले, तेच तेथे दुसऱ्यांचे आधार झाले आहेत. 2024 साली शंकरबाबांना पद्मश्री हा किताब जाहीर झाला.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र आहे. खरा सेवक दुसऱ्यास आपल्या उपकाराखाली दडपीत नाही, तर त्यास उभे करतो. जगातील सर्वात मोठ्या सेवासंस्थेचा उगमही असाच एका प्रसंगात आहे. 24 जून 1859 रोजी इटलीतील सोल्फेरिनो येथे घनघोर लढाई झाली. जवळच्या कास्तिल्योने गावात हजारो जखमी सैनिक येऊन पडले. औषध नाही, पट्ट्या नाहीत, डॉक्टर पुरेसे नाहीत. हेन्री ड्युनांट नावाचा एक स्विस व्यापारी कामानिमित्त तेथे आलेला होता. तो डॉक्टर नव्हता, अधिकारीही नव्हता. त्याने गावातील स्त्रियांना एकत्र करून जखमा धुण्याची व्यवस्था लावली, आपल्या गाडीवानास शहरात पाठवून सामान मागविले आणि लहान मुलांच्या हाती बादल्या देऊन झऱ्यावरून देवळापर्यंत पाणी आणण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. जखमी शत्रूचा की आपला, हा भेद त्या स्त्रियांनी केला नाही. याच प्रसंगातून 1863 साली जिनीव्हा येथे रेडक्रॉसचा जन्म झाला. भारतात रेडक्रॉस सोसायटी 1920 साली स्थापन झाली. 1901 साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मिळाले, त्यांतील एक ड्युनांट होता. ज्यास कोणतेही पद नव्हते, त्याने केवळ प्रत्येकास त्याच्या शक्तीप्रमाणे काम नेमून दिले. पुढारीपण म्हणजे दुसरे काय?

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशातही विद्यार्थ्यांना हे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून मिळावे असा विचार बळावला. शाळांत बालवीर व वीरबाला पथके होतीच. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हा तीत सुमारे 40,000 विद्यार्थी होते. या योजनेतील विद्यार्थी वर्षाला 120 तास, याप्रमाणे दोन वर्षे समाजसेवा करतो आणि सात दिवसांच्या शिबिरासाठी एखाद्या खेड्यात राहतो. 1983 साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून अमरावती, अकोला व शेजारच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयीन तरुण या विद्यापीठाच्या छत्राखाली असे काम करीत आले आहेत. शहरात वाढलेला मुलगा प्रथमच खेड्यात जातो, तेव्हा गावास काही शिकवावे असे त्याच्या मनात असते. सात दिवसांनी परतताना आपणच पुष्कळ शिकलो, हे त्याच्या ध्यानात येते. खारपाणपट्ट्यातील विहिरीचे मचूळ पाणी एकदा तोंडात घेतले म्हणजे गोड्या पाण्याचा प्रश्न पुस्तकाच्या दहा पानांहून अधिक स्पष्ट होतो.

सेवेची खरी कसोटी मात्र मेळघाटात लागते. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस चिखलदरा व धारणी या तालुक्यांत सातपुड्याचा हा डोंगराळ, वनाच्छादित प्रदेश पसरला आहे. तेथे मुख्यतः कोरकू लोक राहतात. त्यांची भाषा मराठीहून अगदी निराळी आहे. पावसाळ्यात नाले भरून वाहतात, वाटा तुटतात, घरातील धान्य संपत आलेले असते आणि नवे पीक अद्याप शेतात उभे असते. अशा दिवसांत आधीच अशक्त झालेल्या बालकांना जुलाब व न्यूमोनिया गाठतो. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हळहळला. पुण्यातील काही मंडळी केवळ हळहळून थांबली नाहीत. 1997 साली त्यांनी मैत्री नावाची संस्था उभी केली आणि पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या पाळीपाळीने मेळघाटात पाठविण्याचा उपक्रम सुरू केला. त्यास धडक मोहीम असे नाव पडले. विद्यार्थी, नोकरदार, गृहिणी, सेवानिवृत्त अशी नाना प्रकारची माणसे काही दिवसांसाठी घरदार सोडून चिलाटीसारख्या दुर्गम गावी राहू लागली.

या स्वयंसेवकांपैकी बहुतेक जण डॉक्टर नव्हते. मग ते काय करीत? ते रोज घरोघर जात आणि प्रत्येक बालकाची विचारपूस करीत. काही साध्या गोष्टी नीट शिकल्या तर डॉक्टर नसलेला मनुष्यही जीव वाचवू शकतो. जुलाबाने बालक दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजीत राहिले, तर पुष्कळदा बालक सावरते. मीठ अधिक झाले तर अपाय होतो. म्हणून चमचा अंदाजाने भरू नये. न्यूमोनिया ओळखण्याची खूणही अवघड नाही. बालक शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावयाचे. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बालकाचे श्वास मिनिटास 50 किंवा अधिक भरले, अथवा एक ते पाच वर्षांच्या बालकाचे 40 किंवा अधिक भरले, तर त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. घड्याळ, चमचा आणि नोंदवही ही या मोहिमेची शस्त्रे होत.

साखर-मिठाच्या पाण्याचे सामर्थ्य 1971 साली जगास दिसले. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे औषध संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-क्षारांचे पाणी पिंपांत कालवून ठेवले आणि ते कसे पाजावे हे रोग्यांच्या नातलगांनाच शिकविले. शंभर रोग्यांतील तिसांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण चारांहूनही खाली आले. परिचारिका मूठभर होत्या. पण आया, बहिणी, भाऊ यांना डॉक्टरांनी परिचारक बनविले. मेळघाटातही हाच मार्ग फलदायी ठरला. बाहेरून आलेला स्वयंसेवक आठ-दहा दिवसांनी परत जाणार. त्याच्यामागे श्वास कोण मोजणार? म्हणून गावातीलच स्त्रियांना व तरुणांना हे ज्ञान देण्याकडे मैत्रीने लक्ष पुरविले.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. मेळघाटातील लोक आजारी मनुष्यास प्रथम भुमक्याकडे नेतात. भुमका हा त्यांचा परंपरागत वैदू. नवखा स्वयंसेवक उतावीळपणे त्याची टवाळी करू लागला, तर सारे गाव त्याच्याकडे पाठ फिरविते. उलट भुमक्याशी आदराने बोलून, गंभीर रोगी दवाखान्यात पाठविण्याच्या कामी त्याचेच साह्य घेतले, तर दार उघडते. ज्याची सेवा करावयाची त्याची भाषा, त्याच्या चालीरीती, त्याचे भय हे सारे जाणून घेणे हा सेवेचाच भाग आहे.

अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळी तालुक्यात पिंजर नावाचे गाव आहे. तेथील तरुणांनी संत गाडगेबाबांच्या नावाने आपत्कालीन शोध व बचाव पथक स्थापन केले आहे. नदीला पूर येवो, कोणी धरणात बुडो, या पथकास निरोप येतो आणि हाती असलेले काम टाकून तरुण दोर, नाव व इतर साहित्य घेऊन निघतात. पथकातील पुष्कळ तरुण साध्या शेतकरी-कष्टकरी घरांतील आहेत. कधी ते जिवंत माणसास पुरातून बाहेर काढतात, तर कधी त्यांच्या वाट्यास फार दुःखद काम येते. बुडालेल्याचा देह शोधून तो त्याच्या आईबापांच्या स्वाधीन करावा लागतो. त्यात शाबासकीचा टाळ्यांचा कडकडाट नसतो. परंतु आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन घेता आले एवढेच समाधान त्या घरास लाभते, आणि ते मिळवून देण्यासाठी हे तरुण गढूळ पाण्यात तासन्तास शोध घेतात.

अशा पथकाचा पहिला नियम असा की, वाचविणाऱ्याने स्वतः बुडू नये. बुडणारा मनुष्य भयाने जवळ येणाऱ्यास मिठी मारतो आणि पोहणाऱ्यासही खाली ओढतो. एकास वाचवू पाहणारे दोघे-तिघे बुडाल्याच्या घटना याच कारणाने घडतात. म्हणून कोणी बुडताना दिसले तर मुलांनी पाण्यात कदापि उडी घेऊ नये. मोठ्याने ओरडून माणसे गोळा करावीत. काठावर घट्ट पाय रोवून किंवा आडवे पडून लांब बांबू, दोर, धोतर अथवा लुगडे त्याच्याकडे फेकावे. हवा भरलेला रबरी ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा दोरास बांधून टाकावा. धैर्य आणि अविचार यांतील सीमारेषा जो ओळखतो, तोच पथकाचा नायक होण्यास योग्य.

आपत्ती कोसळल्यावर धावणे ही सेवा खरीच. पण आपत्ती येऊच नये म्हणून झटणे ही तितकीच मोलाची सेवा आहे. अकोला शहर मोर्णा नदीच्या काठी वसले आहे. कचऱ्याने व जलपर्णीने ही नदी गुदमरून गेली होती. नदीचे पात्र तुंबले म्हणजे डास वाढतात, रोग पसरतात आणि पावसाळ्यात पाणी वस्तीत शिरते. 13 जानेवारी 2018 रोजी, शनिवारी सकाळी, अकोल्याचे नागरिक नदीत उतरले. पहिल्या टप्प्यात चार किलोमीटरच्या पट्ट्यातील दोन्ही तीरांवरील 14 घाटांची सफाई करण्यात आली. सहा हजारांहून अधिक लोक आणि शंभराहून अधिक संस्था या कामी एकत्र आल्या. त्यांत महाविद्यालयीन तरुण होते, शाळेतील मुले होती आणि वृद्धही होते. त्यानंतरच्या शनिवारीही काम चालू ठेवण्यात आले. एका दिवसाचा उत्साह कोणासही येतो. दुसऱ्या शनिवारी जो फावडे घेऊन हजर राहतो, त्याच्यावरच नदीचे भवितव्य अवलंबून असते. स्वच्छ केलेली नदीही पुन्हा घाण होते, म्हणून हे काम कधी संपत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. स्वयंसेवकातून पुढारी कसा घडतो? पुष्कळांची अशी समजूत असते की, जो उंच आवाजात आज्ञा देतो तो पुढारी. वऱ्हाडातील उदाहरणे काही निराळेच सांगतात. पुढारी प्रथम उत्तम अनुयायी असतो. नेमून दिलेले काम, मग ते पाण्याची बादली वाहण्याचे का असेना, तो चोख करतो. दुसरे, तो काम हाती घेण्यापूर्वी चौकशी करतो. भुकेल्यांच्या वस्तीत घोंगड्या वाटणे आणि थंडीने कुडकुडणाऱ्यांस केळी वाटणे, असा प्रकार तो होऊ देत नाही. तिसरे, तो हिशेब ठेवतो. लोकांनी दिलेला एकेक पैसा आणि एकेक शिधा कोणास पोहोचला, याची नोंद त्याच्या वहीत असते; कारण एकदा विश्वास गेला की, पुढच्या संकटात लोक हात आखडता घेतात. चौथे व सर्वांत महत्त्वाचे असे की, तो आपल्यासारखे दुसरे तयार करतो. तो निघून गेल्यावरही काम चालू राहते, किंबहुना त्याची उणीव भासत नाही, तेव्हाच त्याचे पुढारीपण सिद्ध झाले असे म्हणावे.

हे गुण मोठेपणी एकाएकी अंगी येत नाहीत. त्यांची पेरणी बारा-तेरा वर्षांच्या वयातच करावी लागते. वर्गात एखादा मुलगा चार दिवस आला नाही, तर त्याच्या घरी जाऊन विचारपूस करणे. शाळेतील पाण्याची टाकी झाकलेली आहे की नाही ते रोज पाहणे. प्रथमोपचाराच्या पेटीतील पट्टी संपली तर गुरुजींना सांगणे. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक घरातील सर्वांना तोंडपाठ करविणे. शेजारच्या आजीबाईंना औषधाच्या पुडीवरील अक्षरे वाचून दाखविणे, ही कामे लहान दिसतात. त्यांबद्दल कोणी हार घालीत नाही. पण सोल्फेरिनोच्या त्या मुलांनी बादल्या वाहिल्या नसत्या, तर कित्येक जखमी तहानेने तडफडून मेले असते.

सेवेच्या या शाळेला भिंती नाहीत आणि तीत प्रवेश घेण्यास वयाची अट नाही. तिचा पहिला धडा गाडगेबाबांनी खराट्याने गिरवून ठेवलाच आहे. समोर कचरा दिसला तर तो कोणी टाकला याची चर्चा करीत बसू नये, झाडू लागावे. पाहणाऱ्यांपैकी एखादा तरी झाडणी घेऊन पुढे येतो, आणि तेथून पथकास आरंभ होतो.

अभ्यास

1. केवळ इच्छा असून सेवा का घडत नाही? पाठातील उदाहरण देऊन सांगा.
2. गाडगेबाबांचा ‘आधी हात, मग शब्द’ हा क्रम तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
3. तपोवनात रोग्यांना औषधाबरोबर काम का देण्यात आले?
4. डॉ. महालनबीस आणि मेळघाटातील स्वयंसेवक यांच्या कार्यपद्धतीत कोणते साम्य आहे?
5. कोणी पाण्यात बुडताना दिसल्यास काय करावे व काय करू नये, ते क्रमाने लिहा.
6. तुमच्या गावातील अगर मोहल्ल्यातील एक अडचण निवडा. ती दूर करण्यासाठी दहा मुलांच्या पथकात कोणास कोणते काम द्याल, याची योजना लिहून काढा.